पांढऱ्या वाटीतले साठ

"उलटी कोणी केली?"

आमची सुपरवायझर बाई पॅकिंग हॉलच्या मधोमध उभी राहून किंचाळली, आणि आम्ही सगळ्याजणींनी एकदम पट्ट्याच्या टोकाला बसणाऱ्या त्या पोटुशा मुलीकडे बघितलं. ती बिचारी लालबुंद. "मी नाही हो! माझ्याकडे काय बघताय? मी तर सकाळपासून काही खाल्लंच नाही!"

पण वास तर येत होता. आणि कसला वास! शी! तुम्हाला सांगतानासुद्धा माझ्या घशाशी येतंय. आंबलेलं दूध कुणाच्या तरी पोटात जाऊन परत आलंय, आणि त्यावर कुणीतरी साखर भुरभुरलीय, असा. नुसती घाण असती ना, तर नाक दाबून बसलो असतो. पण घाणीला गोडवा चिकटला की संपलंच. तो नाकात जात नाही, जिभेवर येऊन बसतो.

आम्ही टेबलाखाली बघितलं, डबे उचलून बघितले, मोरी बघितली. काही नाही. आणि भट्टीकडून पट्ट्यावर बिस्किटं येतायत, येतायत, छान सोनेरी, काठाला नक्षी, मधे फूल, काय देखणी दिसत होती त्या दिवशी! आमच्यात एक आहे, तिला आम्ही चाखणी म्हणतो, कारण तिचं तोंड कधी रिकामं नसतं. तिनं सवयीनं एक उचललं आणि दातानं तोडलं. मग जे झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगते की त्यानंतर सुपरवायझर बाईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

पट्टा थांबला. कोणीतरी म्हणालं, "बटरच्या वासात गडबड आहे. वजनखोलीत विचारा."

मी हातातला डबा तिथेच खाली ठेवला. कारण वजनखोली म्हणजे माझी आत्या.

थांबा, आधी आत्या कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं काही कळणार नाही. मी तिच्याकडेच वाढले. आई-बाबा गेले तेव्हा मी एवढीशी, आणि ही एकटी, लग्नबिग्न काही नाही, एक खोली, एक गॅस, एक नाक. नाक म्हणजे असं नाक की जिन्यातून वर येताना सांगायची, "खालच्यांचं दूध लागलंय, त्यांना हाक मार." माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगा बरा होता, कपडे इस्त्रीचे, बोलायला गोड. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "नको."

म्हटलं, "का गं?"

"अत्तराखाली सिगरेट आहे, आणि सिगरेटखाली अजून एक अत्तर आहे. ते बाईचं आहे."

झालं. पुढे खरंच निघालं तसं. म्हणजे तिच्या नाकामुळे माझं लग्न वाचलं म्हणायचं की राहिलं म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

तर ती बिस्किटाच्या कारखान्यात वजन करायची. खोली म्हणजे काय, आपल्या न्हाणीघराच्या दुप्पट. एक छोटा काटा, एक मोठा काटा, एक उंच स्टूल, आणि फळीवर सोडा, मीठ, बिस्किटात घालायच्या वासाच्या, म्हणजे इसेन्सच्या, बाटल्या. तिथे ती आणि अजून दोघी. वरून कागद यायचा, त्यावर घाण्याला काय किती लागणार ते असायचं. घाणा म्हणजे एका वेळी मळायची कणीक, तिकडे असंच म्हणतात. या वजन करायच्या, वाटीत घालून खिडकीतून पलीकडे द्यायच्या, आणि पलीकडे कणीक मळायच्या यंत्रावर जो माणूस आहे, ज्याला सगळे कणकोबा म्हणतात, तो ती ओतायचा.

आता त्या कागदांची गंमत ऐका. वर एक साहेब बसायचा तो ग्रॅमला जीएम लिहायचा. तो गेला, दुसरा आला, तो जीआर. तिसरा नुसता जी. एकानं तर किलोच्या जागी नुसता के लिहायला सुरुवात केली, आणि हिशेबवाले के म्हणजे हजार म्हणायचे, आणि एकदा त्यावरून मिठाचं असं काही झालं की ती बिस्किटं चाटून गुरं वेडी झाली असती. तेव्हा आत्यानं डोकं चालवलं. घरून तीन वाट्या घेऊन गेली. पांढरी वाटी म्हणजे ग्रॅम. लाल वाटी म्हणजे किलो. निळी वाटी म्हणजे पातळ पदार्थ, मापाच्या नळीतला; बटरचा वास पातळ असला तरी काट्यावर तोलायचा, म्हणून तो पांढरीत. कुठल्या पदार्थाला कुठली वाटी ते ठरलेलं. मग कागदावर कोणी काय अक्षर लिहितंय ते बघायचंच नाही. आकडा वाचायचा, वाटी उचलायची. संपलं. साहेब बदलले, अक्षरं बदलली, वाट्या त्याच. आणि बिस्किटाची चव कधी म्हणजे कधी हलली नाही.

आणि तिला ती खोली इतकी प्रिय, इतकी प्रिय! मी कितीदा म्हटलं, आत्या, गुडघे दुखतात, आता सोड. तर म्हणायची, "अगं, तिथं काय कष्ट आहेत? स्टुलावर बसायचं, वास घ्यायचा. मला निवृत्त करताना त्या स्टुलावरूनच उचला म्हणावं." तिला पगारवाढ नको होती, बढती नको होती. तेवढं स्टूल हवं होतं.

मग आला टायवाला.

टायवाला म्हणजे आमचा नवा प्रॉडक्शन साहेब. रसायनशास्त्र शिकलेला, माझ्याहून थोडाच मोठा असेल, आणि भट्टीच्या त्या उकाड्यात टाय! वर टोपी, खाली घाम, मधे टाय. त्याची आयडिया अशी की बटरचा वास आपण तेलात पातळ केलेला का आणायचा? पिंपच्या पिंप कशाला? मूळ अर्कच आणू. हजारपट दाट. एवढीशी तपकिरी बाटली, वर्षभर पुरेल. आणि त्यानं हुशारी काय केली माहितीये? म्हणाला, आधी घाण्याला साठ ग्रॅम जात होता ना, आता साठ मिलिग्रॅम जाईल, आकडा तोच ठेवू, म्हणजे बायकांचा गोंधळ नको.

आकडा तोच ठेवू! ज्या खोलीत फक्त आकडा वाचतात, तिथे आकडा तोच ठेवला! आणि वर ऐका, त्या खोलीतला काटा ग्रॅमच्या खाली जातच नाही. मिलिग्रॅम त्याला दिसतच नाही. साठ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे चार-पाच खडे, ते काय वाटीत मोजायचे? नवीन काटा मागवलाच नव्हता कोणी. विसरले. शी!

तर कागद आला. साठ, आणि पुढे एमजी. आत्यानं बाटली उघडली आणि मागे सरकली. तिचं ते नाक! ती मला नंतर म्हणाली, "डोळ्यातून पाणी आलं गं, कोणी तोंडावर ओकल्यासारखं झालं." दुसरी असती तर पांढरी वाटी उचलून मोकळी झाली असती. ही बाटलीला बूच लावून, कागद हातात घेऊन वर केबिनमध्ये गेली. टायवाला फोनवर. समोर कणकोबा उभा, सुट्टी मागायला आलेला.

आत्या म्हणाली, "साहेब, हा जीच्या आधी एम कशाला आलाय? नेहमी नसतो. आणि बाटलीला घाण वास येतोय."

त्यानं फोनवर हात ठेवला. "मावशी, दाट आहे ना तो, तसाच येणार वास. भाजल्यावर उडून जातो."

"आणि हा एम?"

"मावशी, प्लीज. आकडा बदललाय का?"

"नाही, साठच आहे."

"मग? नेहमीसारखं करा ना."

ती खाली आली. नेहमीसारखं केलं. पांढरी वाटी, साठ.

आता तुम्ही सांगा.

ती सगळी बिस्किटं गेली. पट्ट्यावरची, भट्टीतली, कणकेतली. भट्टी धुतली तरी वास जाईना. आत्याच्या हाताला तर असा बसला होता की आम्ही बसमध्ये चढलो आणि आमच्या आजूबाजूची सीटं आपोआप रिकामी झाली. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघू नकोस तिकडे, आजारी आहेत त्या." आत्या खिडकीबाहेर बघत होती. घरी साबण, लिंबू, मीठ, सगळं झालं. हात चोळून चोळून लाल केले. मग पुन्हा हात नाकाशी न्यायची, आणि पुन्हा नळ.

आणि मग दोन-चार दिवसांनी मीटिंग. कँटीनमध्ये, सगळ्यांना बोलावून. भिंतीवर हा एवढा मोठा तक्ता लावलेला, 'मापांची अचूक अक्षरे', चकचकीत कागद. टायवाल्यानं स्वतः केला होता. पुढच्या टेबलाला मोठे साहेब, टायवाला, विक्रीवाले साहेब आणि खरेदीवाले साहेब. आणि त्यांच्या समोर, बाजूला, उभी कोण? आत्या. खुर्ची नाही. कोणाच्या मनातच आलं नाही.

टायवाला छडी घेऊन सुरू झाला. "तर, हा एम. एम म्हणजे मिली. हजारावा भाग. ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे."

विक्रीवाले म्हणाले, "एक मिनिट, आमच्या ऑर्डरवर एम म्हणजे हजार असतो हां. दोन एम पुडे म्हणजे दोन हजार पुडे."

खरेदीवाले खुर्चीतून उठलेच. "हजार? अहो, आम्ही एम म्हणजे दहा लाख धरतो!"

"म्हणून गोदामात रॅपर छतापर्यंत गेलेत होय!"

"अहो, तुमच्याच ऑर्डरवरून मागवले!"

"दहा लाखाला आम्ही दोन एम लिहितो, जोडून. एमएम."

"एमएम म्हणजे मिलिमीटर!"

आणि हसायला लागले! मोठे साहेब तर पोट धरून. चहा आला. त्यांच्या टेबलावर आला. वाफा येतायत, बिस्किटं आलीत, अर्थात दुसऱ्या कंपनीची, आणि हे एमवर विनोद करतायत, आणि आत्या उभीच. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतेय. मला तिचे गुडघे दिसत होते ना, मला माहितीये ते कसे दुखतात.

टायवाला बिचारा घामाघूम. "सर, सर, साधं आहे. छोटा एम म्हणजे मिली. मोठा एम म्हणजे मेगा, म्हणजे दहा लाख."

मोठ्या साहेबांनी तो मूळ कागद उचलला, चष्मा वर केला. "पण तुझ्या कागदावर तर मोठा एम आहे."

मला वाटलं, आला! आला हा तावडीत!

टायवाला म्हणाला, "सर, ते कंप्युटर करतो. पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं."

खरेदीवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे, यानं लिहिलंय त्याप्रमाणे साठ टन झाले की हो!" आणि टेबलावर थाप मारून, "बरं झालं, मावशींनी साठ टन नाही घातलं!"

आणि सगळं कँटीन हसलं. सगळं! ते चार तर हसलेच, पण आपली माणसं! भट्टीवाले, पॅकिंगवाल्या, वजनखोलीतल्या त्या दोघी, ज्या आत्याच्या डब्यातलं रोज खायच्या. चाखणी तर डोळे पुसत होती हसून. आणि मला इतकी किळस आली ना, त्या बाटलीची आली नव्हती एवढी. मला वाटलं त्या हसण्यालाच वास येतोय, तोच, गोड गोड.

मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बरं, विनोद पुरे. हं, मावशी. वजन तुम्ही केलं?"

"हो साहेब. मी केलं. साठ ग्रॅम."

"झालं तर." ते टायवाल्याकडे वळले.

"पण मी आधी विचारलं होतं," आत्या म्हणाली.

"कोणाला?"

"यांना. वर जाऊन. एम कशाला आलाय विचारलं. वासाचंही सांगितलं."

टायवाल्यानं असा चेहरा केला, असा भोळा, की मला त्याच टायनं त्याला... जाऊ दे. "मला? मला नाही आठवत, मावशी. दिवसभर इतके लोक येतात. तेव्हा कोणी होतं का तिथे?"

आत्यानं मान वळवली नाही. तिनं कणकोबाकडे बघितलंसुद्धा नाही. पण आम्ही सगळ्यांनी बघितलं, कारण तोवर त्यानं स्वतःच सगळ्या कारखान्याला ती गोष्ट सांगून टाकली होती, तंबाखू मळत, साहेबाचा आवाज काढून! आणि आता हा केवढा दांडगा माणूस, मैद्याची पोती खांद्यावर टाकतो, तो खाली मान घालून बुटाची नाडी सोडत होता. सोडायची, बांधायची. सोडायची, बांधायची.

मी उभी राहिले. "सांग ना रे! तिथेच तर होतास तू! सुट्टी मागत होतास ना?"

सुपरवायझर बाईनं माझा एप्रन खाली ओढला. "गप! तुझी पण जाईल."

"जाऊ दे गेली तर! ए कणकोबा! मिळाली ना सुट्टी?"

"तू बस," आत्या म्हणाली. ओरडली नाही. घरी म्हणते तसं म्हणाली. मी बसले.

मोठे साहेब खूप समजूतदार माणूस आहेत, असं सगळे म्हणतात. ते म्हणाले, "हे बघा मावशी, कोणाला फासावर नाही द्यायचं. गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागतं, एवढंच. तुम्ही इथे सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की तो एम माझ्या लक्षात आला नाही. माणूस आहे, नाही येत लक्षात. मग तुमची खोली तुमची, स्टूल तुमचं. मी शब्द देतो."

बघा हं. एक वाक्य. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हण आत्या, म्हणून टाक, काय बिघडतंय? खोटं बोलणारे समोर चहा पितायत, तू एक खोटं बोललीस तर आभाळ कोसळणारेय का?

आत्यानं हात पुढे बांधले. मग सोडले. मला वाटतं तिला वास आला असेल हातांचा.

"लक्षात आला होता, साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर विचारायला वर गेले."

एवढंच. मग कोणी हसलं नाही.

मोठ्या साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. म्हणाले, "ठीक आहे. तुमची इच्छा." आणि दुसऱ्या दिवसापासून आत्या मागच्या शेडमध्ये.

मागची शेड म्हणजे जिथे तुटकी, करपलेली, परत आलेली बिस्किटं जातात. पोत्यात भरायची, दांडक्यानं फोडायची, मग गुरांचं खाद्य करणारे घेऊन जातात. आणि त्या वेळी तिथे कुठली बिस्किटं आली असतील? तीच! डोंगर! खाद्यवाल्यांनी एक पोतं नेलं आणि परत आणून टाकलं, म्हणाले गाईंनी तोंड फिरवलं. ज्याला गाय तोंड लावत नाही, ते माझी आत्या दिवसभर दांडक्यानं कुटत होती. आणि कणकोबा रोज तिकडून जाताना मुद्दाम थांबून म्हणतो, "कसं काय मावशी, बरंय ना?" शी! न विचारता गेला असता तर मला त्याची एवढी घाण वाटली नसती.

जाण्याआधी ती वजनखोलीत गेली होती, वाट्या आणायला. मी दारात होते. तिनं फळीवरून लाल घेतली, निळी घेतली, पांढरी घेतली. त्या दोघी घाबरल्या. "अहो, आम्ही काय करायचं मग? आम्हाला कसं कळणार?"

आत्या म्हणाली, "तक्ता लावलाय ना भिंतीवर. बघून करा."

ती एवढंच टाकून बोलली असेल सगळ्या आयुष्यात. आणि मग दारात थांबली, मागे फिरली, आणि लाल-निळी परत फळीवर ठेवून आली. मला इतका राग आला! म्हटलं, "कशाला ठेवल्यास? कशाला? हसल्या ना त्या तुला?"

"अगं, बिस्किटं पोरं खातात," ती म्हणाली.

पांढरी तेवढी घरी आणली. राखेनं घासली, उन्हात ठेवली. रोज घासायची. आता ती खिडकीच्या बाहेर, कठड्यावर पालथी असते. आत घेत नाही आणि टाकतही नाही.

आता शेवटचं सांगते, मग कोणी काही बोलू नका.

काल संध्याकाळी मी चहा ठेवला. आत्या शेडमधून आली, हात धुतले, पुन्हा धुतले, पाटावर बसली. मी दुधाचं पातेलं उचललं. तर म्हणाली, "बघ गं, दूध बरं आहे का."

मला कळेचना. मी म्हटलं, "म्हणजे?"

"वास घेऊन बघ." आणि भिंतीकडे बघत, अगदी सहज, "मला आजकाल सगळ्यालाच तो येतो."

अहो, जिन्यातून दुसऱ्याचं लागलेलं दूध ओळखणारी बाई!

मी पातेलं नाकाशी धरलं. खूप वेळ धरलं. दूध चांगलं होतं, सकाळचंच होतं.

"बरंय गं," मी म्हटलं. "छान आहे."

चहा गाळला, कप तिच्या हातात दिला. तिनं सवयीनं तो नाकाजवळ नेला, मधेच थांबली, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी आधी एक घोट घेतला. मग ती प्यायली.